शनिवारची रिकामी खुर्ची

चिठ्ठीवर आकडा होता दोन हजार आठशे त्र्याण्णव. डॉ. शर्वाणी नाफडेनं तो नीट वाचला आणि वर्गातल्या नऊही जणांना ऐकू जाईल अशा संथ आवाजात म्हणाली, "एक्केचाळीस सतरा."

मग नेहमीसारखे चिठ्ठीचे चार तुकडे करून तिनं ते टेबलाखालच्या टोपलीत टाकले.

चिखलदऱ्याच्या धोरण प्रबोधिनीतला हा रिवाज होता. प्रत्येक अधिकाऱ्यानं तांब्याच्या घंगाळात हात घालून एक चिठ्ठी काढायची आणि न उघडता शिकवणाऱ्याच्या हाती द्यायची. आकडा शिकवणाऱ्यानं वाचायचा आणि चिठ्ठी फाडायची. यंत्राला सांगितलं असतं तर त्यानं पापणी लवायच्या आत नऊ आकडे काढून दिले असते. पण पहिले संचालक म्हणत, कोणाचं आयुष्य कोणाच्या वाट्याला यावं हे यंत्रावर सोडलं तर साहेब लोक यंत्राशी भांडत बसतील; स्वतःच्या हातानं काढलेल्या चिठ्ठीशी भांडता येत नाही.

पहिली चिठ्ठी काढायचा मान सगळ्यात ज्येष्ठ अधिकाऱ्याचा. या तुकडीत तो हेरंब कारखानीसांचा होता. वय चव्वेचाळीस, नुकतेच सचिव झालेले, बोलायला मऊ, वहीत टाचणं काढायची सवय असलेले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, मागल्या तुकडीत एका आयुक्तांच्या वाट्याला मेंढपाळ आला होता, ते अजून पायाला तेल लावतात. सगळे हसले. कारखानीसही हसले आणि म्हणाले, "मला काहीही चालेल, फक्त कंत्राटदार नको. सवय लागायची."

शर्वाणी हसली नाही. अकरा वर्षांत ती या वर्गात एकदाही खोटं बोलली नव्हती. म्हणूनच तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे कुणाचं लक्ष जात नसे.

खिडकीबाहेर कॉफीच्या झाडांवर धुकं उतरलं होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

*

या वर्गाचं नाव कागदोपत्री 'धोरणकर्त्यांसाठी अर्थशास्त्र' असं होतं. पहिले चार दिवस फळा आणि खडू, पाचवा दिवस खुर्चीचा.

खुर्चीमागे होता प्रतिजिल्हा. एका खऱ्या जिल्ह्यातल्या माणसांची दहा हजार प्रतिरूपं त्यात नांदत होती. रेशन, एसटीची तिकिटं, दवाखान्याची नोंदवही, विजेचा वापर, फोन कधी कुठे असतो, कोण कुणाला कधी आणि किती वेळ फोन करतं, या सगळ्या नोंदींतून नावं पुसून ती घडवलेली होती. फोनवर काय बोललं गेलं ते नोंदीत नसे. शब्द यंत्र त्या घरच्या बोलीचा अंदाज घेऊन स्वतः रचत असे. एखादं धोरण कागदावर यायच्या आधी ते या दहा हजारांवर चालवून बघायचं. डिझेल महागलं तर कोण शाळा सोडतं, बाजाराचा दिवस बदलला तर कोण भाजी लावायची थांबतं, हे प्रतिजिल्हा बऱ्यापैकी अचूक सांगे.

पण आकडे वाचून माणूस शहाणा होत नाही, हे प्रबोधिनीला पहिल्या दोन वर्षांतच कळलं. म्हणून खुर्ची आली. आपलं शरीर आपल्याला आतून कसं वाटतं, तहान, दम, पायातलं जडपण, हे कानशिलाच्या आत, मेंदूच्या एका दुमडीत ठरतं. खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्यावर जाळीची टोपी घालत. सोनोग्राफीत असतात तशाच ध्वनिलहरी, पण टाचणीच्या टोकाएवढ्या जागी एकवटलेल्या, त्या दुमडीला डिवचत. डोळ्यांना चित्र दिसे आणि शरीराला थकवा खरा वाटे. तीन महिने चार तासांत मावत, कारण जगायला लागत ते फक्त निर्णयाचे क्षण. मधले दिवस स्वप्नातल्यासारखे, आधीच घडून गेल्यासारखे आठवत. शरीर प्रतिरूपाचं, परिस्थिती प्रतिरूपाची, निवड मात्र खुर्चीतल्या माणसाची. हाती एक रबरी चेंडू असे. असह्य झालं तर तो दाबायचा, की यंत्र थांबवलं जाई.

नावं पुसलेली असली तरी शर्वाणीला ४११७ सापडला होता. शोधायला सहा आठवडे लागले होते, आणि असा शोध घेणं नियमानं गुन्हा होता. वय एकाहत्तर, पुरुष, मेहुणखेड. असे बरेच होते. पण ४११७ रोज पहाटे पाच चाळीसला एसटी स्टँडवर जाई, अर्धा तास थांबे आणि कुठल्याही गाडीत न बसता घरी येई. मंगळवार आणि गुरुवार सोडले तर आठवड्याचे सगळे दिवस.

तिचे वडील वामनराव नाफडे मेहुणखेडच्या स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतरही पहिली गाडी वेळेवर सुटते की नाही हे बघायला ते जात. नवीन नियंत्रकाला ते मुळीच आवडत नसे.

*

वामनरावांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मेहुणखेडच्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसच्या चार खुर्च्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार. घरापासून चालत नऊ मिनिटं. चार वर्षं ते असे गेले. खुर्चीत बसून वेळापत्रकातल्या चुका काढत आणि नर्सला ऐकवत.

मग 'उपचारजाळं पुनर्रचना' नावाची योजना आली. छोटी केंद्रं बंद करून जिल्ह्याच्या गावी मोठं, उत्तम यंत्रांचं केंद्र. टिपणीत लिहिलं होतं की रुग्णांची सरासरी प्रवासवेळ फक्त अकरा मिनिटांनी वाढेल. ते खरंच होतं. बहुतेक रुग्ण जिल्ह्याच्या गावातच राहत. त्यांचा प्रवास उलट कमी झाला होता. त्या सरासरीत मेहुणखेडची चौदा माणसं कुठेतरी विरघळून गेली होती.

वामनरावांनी एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठीमागे हिशेब मांडला होता. शर्वाणीला तो ते गेल्यावर उशीखाली सापडला. पहिली गाडी सहा दहाची, पोचते आठ वीसला. यंत्रांची सकाळची तुकडी सात वाजता बसते. म्हणजे दुपारची, बारा ते चार. परतीची थेट गाडी चार पंधरा, स्टँड तिथून तीन किलोमीटर. ती चुकली की दोन गाड्या बदलायच्या. खाली त्यांनी नियंत्रकाच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'दोन फेऱ्या जमतात. तिसरी जमत नाही.'

त्यांनी शनिवार सोडला होता. चौदा महिने. मुलीला सांगितलं नव्हतं.

ते गेल्यावर शर्वाणीनं माहितीच्या अधिकारात फाईल मागवली. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, जे तिला आता झोपेतही म्हणता आलं असतं: 'आठवड्यातील तिसऱ्या उपचाराची उपस्थिती सातत्याने घटत असून अनुपस्थिती हाच मागणीचा विश्वासार्ह निर्देशक मानता मेहुणखेडसारख्या गावांतून पुरेशी मागणी दिसून येत नाही.' या वाक्याच्या जोरावर पुढची सात केंद्रं बंद झाली होती. म्हणजे तिचे वडील मरत होते, आणि त्यांचं न येणं हा त्यांना गरज नसल्याचा पुरावा धरला जात होता. खाली सही होती: हेरंब कारखानीस, उपसचिव.

दोन वर्षं ती त्यांच्या प्रशिक्षणाची वाट बघत होती. सचिवपद मिळालं की चिखलदऱ्याला यावंच लागतं. दरम्यान तिनं वर्गातला एक धडा, लोकांच्या वागण्यावरून त्यांची मागणी ओळखायचा, सहकाऱ्याकडे देऊन टाकला होता. तो शिकवायला उभी राहिली की खडू हातातच राही. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं नाही.

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी अकरा केंद्रं होती. ती फाईल कारखानीसांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे, हेही तिला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर तिला त्या अकरा केंद्रांचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला फक्त त्या माणसानं शेवटचे तीन महिने जगून बघायला हवे होते.

*

खुर्चीची खोली सुमती कासदेकर सांभाळत. मेळघाटातल्याच, पन्नाशीच्या, सगळी यंत्रं त्यांच्या बोटांना ओळखत. टोपी घालताना त्या प्रत्येक साहेबाला एकच वाक्य सांगत: पोट हलकं आहे ना, मग डोकं जड होऊ द्या. कारखानीसांनाही त्यांनी ते सांगितलं. नऊपैकी आठ जण शेजारच्या दालनात होते. कारखानीस पहिले, म्हणून या खोलीत एकटे.

शर्वाणी पडद्यासमोर बसली. पडद्यावर चित्र दिसत नसे, फक्त निर्णयांच्या ओळी उमटत.

*मंगळवार. सहा दहाची गाडी. गेला. उपचार पूर्ण.*

*गुरुवार. गेला. उपचार पूर्ण. परतीची थेट गाडी चुकली.*

*शनिवार. गेला. उपचार पूर्ण.*

पहिले दोन आठवडे कारखानीसांनी एकही दिवस चुकवला नाही. हुशार माणूस होता. त्यांनी केंद्राकडे सकाळच्या तुकडीची विनंती केली, नाकारली गेली. दोघातिघांत मिळून गाडी ठरवली. चौथ्या खेपेला बाकीचे आले नाहीत, त्यातला एक कायमचाच. एकदा ते केंद्राच्या व्हरांड्यात मुक्कामाला राहिले, पहारेकऱ्यानं उठवलं. शर्वाणी ओळ न् ओळ वाचत होती. खुर्चीत त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि ते जिभेनं ओले करत होते. या आजारात पाणी मोजून प्यावं लागतं, दिवसाला जेमतेम तीन पेले.

चौथ्या आठवड्यात ओळ उमटली: *शनिवार. घरी थांबला.* शेजारच्या चौकटीत यंत्रानं आपलं आपण नोंदवलं: *अनुपस्थित. केंद्राची मागणी: घट.*

शर्वाणीच्या छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

"मॅडम," कासदेकर तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "चिठ्ठीवर दुसराच आकडा होता."

शर्वाणी पडद्यावरची पुढची ओळ वाचू लागली.

"अकरा वर्षं मी घंगाळ धरते, तुम्ही चिठ्ठी वाचली की लगेच फाडता. आज वाचून थांबलात. नंतर मी टोपली बघितली."

"मग थांबवा यंत्र."

कासदेकरांनी थांबवलं नाही. त्यांच्या मोठ्या भावाला धारणीहून अमरावतीला नेताना काय झालं होतं, ते त्यांनी एकदाच, चहा पिताना, हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

आठव्या आठवड्यापर्यंत शनिवार कायमचा सुटला होता. कारखानीसांचा श्वास उथळ झाला होता. फुप्फुसात पाणी साचलं की आडवं झोपता येत नाही. ते खुर्चीत पुन्हा पुन्हा ताठ व्हायला बघत होते. मग त्यांच्या मुठीत चेंडू दाबला गेला. पडद्याच्या कडेला लाल ठिपका लागला.

कासदेकर उठल्या.

"बसा," शर्वाणी म्हणाली.

"त्यांनी दाबलाय."

"माझ्या वडलांच्या हातात चेंडू नव्हता, ताई."

नियम स्पष्ट होता. लाल ठिपका लागल्यावर क्षणाचाही उशीर नाही. ठिपका लुकलुकत राहिला. शर्वाणी घड्याळाकडे बघत होती. बाहेर एक मिनिट झालं म्हणजे आत जवळजवळ नऊ तास गेले. तिनं वीस मिनिटं जाऊ द्यायची ठरवलं, आणि जाऊ दिली. कारखानीसांच्या बोटांनी चेंडू आणखी चारदा दाबला. चौथ्यांदा फार हळू.

एकविसाव्या मिनिटाला वेगळीच ओळ उमटली.

*शनिवार, दुपारी दीड. फोन: मुलगी. कालावधी एक मिनिट पन्नास सेकंद. निवड: सांगणे / न सांगणे.*

शर्वाणीनं हे धरलंच नव्हतं. ती जिल्ह्याबाहेर राहत होती, प्रतिजिल्ह्यात आपण नाही असं तिनं गृहीत धरलं होतं. पण तिचे फोन वडिलांच्या नोंदीत होते. शनिवार, दुपारी दीड, दोन तासिकांच्या मधे. ती दर शनिवारी करत असे; आधीचे फोन मधल्या दिवसांसारखे न जगताच सरले होते.

सांगेल हा, ती मनात म्हणाली. हा भेकड आहे, पाचदा चेंडू दाबून झालाय, हा लेकीजवळ रडेल.

*न सांगणे.*

तिनं स्वतःच हात लांब करून यंत्र बंद केलं.

*

टोपी काढल्यावर कारखानीस खुर्चीत ताठ बसूनच राहिले. कासदेकरांनी पाण्याचा पेला दिला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, आत बघितलं, आणि एक घोट घेऊन बाजूला ठेवला, जणू तो संध्याकाळपर्यंत पुरवायचा होता.

"चेंडू बिघडलाय," ते शेवटी म्हणाले.

"नाही. मी थांबवलं नाही."

शर्वाणीनं टेबलावर फाईलची प्रत ठेवली. तिसरं पान वर. मग तिनं सगळं सांगितलं, क्रमानं आणि आवाज न चढवता, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं. चिठ्ठी, आकडा, तो कोणाचा, तो माणूस कधी आणि कसा गेला. ही भाषा तिनं दोन वर्षं घासून ठेवली होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही ज्याला मागणी नाही म्हणालात, तो माझा बाप होता. तुम्ही तक्रार करू शकता. माझी नोकरी जाईल, खटलाही होईल. माझी हरकत नाही."

कारखानीसांनी पान उचललं. स्वतःचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. तिला वाटलं आता ते म्हणतील, आदेश वरून आला होता. किंवा माफी मागतील. दोन्हीला काय उत्तर द्यायचं ते तिच्याकडे तयार होतं.

"हे वाक्य मी सरकारी केलं," ते म्हणाले. "मूळ चांगलं होतं."

"म्हणजे?"

"मूळ होतं, 'रिकामी खुर्ची खोटं बोलत नाही.'"

तिनं कारखानीसांच्या हातातल्या पानाकडे बघितलं.

"मुंबईत, पाच वर्षांपूर्वी," ते सांगत राहिले. आवाजात वार करायची इच्छा नव्हती, म्हणून ते अधिकच लागलं. "नव्या उपसचिवांचा वर्ग. तुम्ही पाहुण्या व्याख्यात्या, आम्ही साठ जण, तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही फळ्यावर दवाखाना काढला होता, त्यात चार खुर्च्या. एक खडूनं भरली नाही. म्हणालात, लोक काय म्हणतात ते लिहून घेत बसू नका, निवेदनं सगळेच देतात. रिकामी खुर्ची खोटं बोलत नाही. मी वहीत लिहून घेतलं. मॅडम, मी ते खूप ठिकाणी वापरलंय."

चार खुर्च्या. मेहुणखेडच्या दवाखान्यात चारच होत्या; वडिलांना सोडायला गेली असताना तिनं त्या बघितल्या होत्या, आणि चित्र काढायला दुसरी आकृती कशाला शोधा म्हणून तीच काढली होती. टाळ्या पडल्या होत्या, तेही आता आठवलं.

तिनं टेबलावरची फाईल मिटली.

"फाईल परवा वर जाते," कारखानीस म्हणाले. "अकरा केंद्रं. मी काही लिहिलं नाही तर आहे तशी जाईल. थांबवा एवढंच लिहिलं तर परत येईल, कारण विचारतील. रिकाम्या खुर्चीचा अर्थ काय लावायचा, ते लिहावं लागेल." त्यांनी वही उघडली आणि पेन काढलं. "तक्रारीचं नंतर बघू. आता काय शिकवता, ते सांगा."

शर्वाणी त्यांच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली. सूड घ्यायला ती आली होती, आणि समोरचा माणूस विद्यार्थ्यासारखा पेन धरून बसला होता.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आधी मला बघू द्या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कासदेकरांनी घंगाळ तिच्यापुढे धरलं.

"याची गरज नाही, ताई."

"रिवाज आहे. काढा."

तिनं चिठ्ठी काढून दिली. कासदेकरांनी ती उघडली, वाचली, आणि शर्वाणीच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "एक्केचाळीस सतरा." मग चार तुकडे केले.

टोपी घालताना शर्वाणी म्हणाली, "मी चेंडू दाबला तरी वीस मिनिटं थांबवू नका."

"ते मी ठरवीन," कासदेकर म्हणाल्या. "तुम्ही ठरवून बघितलंत."

आत शिरताना शर्वाणीच्या मनात अर्थशास्त्र नव्हतं. काल संध्याकाळपासून तिचा राग घर बदलून बसला होता. आता तो कारखानीसांवर नव्हता, त्या शनिवारच्या फोनवरच्या बाईवर होता. दर आठवड्याला एक मिनिट पन्नास सेकंद. ती बाई समोर येणार होती, आणि या वेळी फोनच्या या टोकाला शर्वाणी असणार होती. सगळं सांगायचं. बस दारात येत नाही. तिसरी फेरी जमत नाही. मी आडवा झोपू शकत नाही. तुझ्या वाक्यानं माझी रिकामी खुर्ची पुरावा ठरली. त्या बाईला जन्मभर पुरेल असं, एकही शब्द न गाळता सांगायचं. निवड खुर्चीतल्या माणसाची असते.

मग पाय जड झाले आणि घशात माती भरली.

दिवस येत गेले. सहा दहाची गाडी. खिडकीपाशी थंडी. दुपारी बारा ते चार हातात सुया. मग तीन किलोमीटर, ज्यातली शेवटची दोनशे पावलं धावायची असत आणि धावता येत नसे. तिनं बापासारखाच हिशेब केला, दुसरा हिशेब नव्हताच. आळस नव्हता, कंटाळा नव्हता, गरज नसण्याचा तर प्रश्नच नव्हता. दोन फेऱ्यांनंतर शरीरात तिसरीइतकं काही उरतच नव्हतं. शनिवारी घरी थांबणं ही निवड नव्हती. ते जे उरलं होतं, तेवढंच होतं.

पण शनिवारी घरीही बसवेना. तिचे पाय स्वतःहून उठले आणि स्टँडकडे निघाले. दुपारी दीडची वेळ. पहाटेची खेप तिला माहीत होती. ही माहीत नव्हती. नियंत्रकाच्या खिडकीशेजारचा सिमेंटचा बाक, एकतीस वर्षांचा ओळखीचा. तिथं बसलं की श्वास जरा बरा चालत होता.

फोन वाजला.

"बाबा, कसे आहात? मशीन चालू आहे ना?"

शब्द यंत्रानं रचलेले होते. पण तिनं तरी शनिवारी दुसरे कुठले वापरले होते? मागे शिपायानं दिलेल्या तासिकेच्या घंटेचा आवाज येत होता. आवाज प्रेमळ होता, आणि घाईत होता.

शर्वाणीनं तोंड उघडलं. वाक्यं ओळीनं उभी होती.

त्याच क्षणी डोक्यावरचा भोंगा खरखरला. *मेहुणखेड ते खामगाव जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.* इतक्या मोठ्यानं, की बाकही थरथरला. भोंगा संपेपर्यंत दोघीही गप्प होत्या.

तेव्हा तिला आठवलं. हा भोंगा तिनं फोनवर ऐकला होता. एकदा नाही, कितीतरी शनिवारी. तिला वाटलं होतं, दवाखान्यात काहीतरी पुकारत असतील. खरं तर वाटलं नव्हतं. तसं धरून चाललं की दुसरी तासिका वेळेवर घेता येत होती.

विचार, शर्वाणी मनात म्हणाली. आवाज कसला येतोय, एवढं विचार. विचारलंस तर सगळं सांगते.

"बरं, बाबा, ऐकू येतंय ना? मी ठेवू का? मुलं आलीत वर्गात."

त्या आवाजात एक बारीकशी धास्ती होती. ती तिला या टोकाला बसल्यावर पहिल्यांदा ऐकू आली. विचारलं तर काय ऐकावं लागेल, याची धास्ती. त्या पोरीला ऐकू आलं होतं. आणि बापाला ते कळलं होतं. चौदा महिने, दर शनिवारी, त्याला ते कळत होतं.

सूड घ्यायला एक मिनिट होतं. शब्द तोंडाशी होते आणि तोंड कोरडं होतं. फलाटावरची खामगाव गाडी तीन मिनिटं उशिरा सुटत होती, आणि नवीन नियंत्रकाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ठीक आहो मी," ती त्या जड, दमलेल्या आवाजात म्हणाली. "कायले काळजी करतं? मशीन चालूच आहे. जाय, शिकव पोरायले."

फोन ठेवला गेला. शर्वाणीच्या मुठीत चेंडू तसाच होता, न दाबलेला. गाडीनं फलाट सोडला. तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि खिशातल्या वेळापत्रकावर, नेटक्या अक्षरात, उशीर लिहून ठेवला.